छाप आणि पत

विडीचे बंडल हातात घेतले की प्रथम नजरेस पडते ती त्यावर गुंडाळलेली कागदी चिठ्ठी. तिच्यावर एखादा प्राणी, देवता, टेलिफोनसारखी वस्तू किंवा नुसता ठळक आकडा असतो. पुष्कळदा कारखान्याच्या मूळ पुरुषाचे छायाचित्रही असते. आत वीस-पंचवीस विड्या असतात. विडीवर मात्र काहीच छापलेले नसते. वाळलेल्या पानाची ती लहानशी सुरळी, आणि एका टोकाशी बांधलेला दोरा. त्या दोऱ्याचा रंग एवढीच तिची ओळख.

या वस्तूच्या व्यापारात छापेला, म्हणजे आजच्या भाषेत ब्रँडला, विलक्षण महत्त्व आले, ही वरवर पाहता चमत्कारिक गोष्ट आहे. एका कारखान्याची विडी दुसऱ्या कारखान्याच्या विडीहून फार निराळी नसते. तिची किंमत अत्यल्प, आणि ती ओढणारा माणूस गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बहुधा निरक्षर होता. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपासच भरले. ज्याला वर्तमानपत्रातील जाहिरात वाचता येत नाही, अशा कोट्यवधी माणसांच्या मनात एखादी छाप घर कशी करते, हे समजून घ्यावयाचे असेल तर जबलपूरकडे वळावे लागते.

जबलपूर हे नर्मदेजवळचे शहर १८६१ पासून मध्यप्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर ही एकाच राज्यकारभाराखालची गावे होती. त्यामुळे या व्यापाराचा इतिहास मराठी मुलखाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग व कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. भोवतालच्या जंगलात तेंदूची झाडे विपुल. मराठीत आपण त्याला टेंभुर्णी म्हणतो. त्याचे पान सुकल्यावरही तडकत नाही, पाण्यात भिजवले की पुन्हा मऊ होते आणि सावकाश जळते. तंबाखू गुजरातच्या खेडा भागातून येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात गुजरातेतील अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली. त्यांपैकी काही या बाजूस आली आणि तंबाखू जाणणाऱ्या हातांना येथे पान सापडले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत मोहनलाल व हरगोविंददास या पटेलांनी जबलपुरात विडीचा कारखाना काढला. ‘मोहनलाल हरगोविंददास’ ही पेढी आणि तिची ‘शेर छाप’ विडी पुढे दूरवर प्रसिद्ध झाली. (मराठी वाचकाला शेर म्हटल्यावर कदाचित माप आठवेल, येथील शेर हा जंगलातला आहे.) पेढीचा पसारा केवढा वाढला याची एक खूण कायद्याच्या ग्रंथांत सापडते. जंगलातील तेंदूपाने तोडण्याच्या ठेक्यांवर केलेला खर्च भांडवली मानावा की चालू, या प्रश्नावरचा तिचा प्राप्तिकराचा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४९ मध्ये निकाल पेढीच्या बाजूने लागला.

पान, तंबाखू, मजुरी आणि रेल्वे यांनी विडी तयार झाली व गावोगाव पोचली. ती ओढणाऱ्याच्या ओठापर्यंत नेणारा माणूस निराळाच होता.

तो म्हणजे पानवाला. विडीचा गरीब ग्राहक बहुधा संपूर्ण बंडल घेत नाही; एक, दोन किंवा चार सुट्या विड्या घेतो. म्हणजे चिठ्ठीवरचे चित्र दुकानदाराकडेच राहते आणि ग्राहकाच्या हाती येते ती नाव नसलेली विडी. गिऱ्हाइकाने ‘विडी दे’ एवढेच म्हटले तर कोणती द्यावयाची, हे पानवालाच ठरवतो. नवी छाप आली आणि गिऱ्हाइकाने ‘ही कशी आहे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर हीच खरी जाहिरात. या उत्तराला वजन का असते? पानवाल्याला तंबाखूतले अधिक कळते म्हणून नव्हे. तो उद्याही त्याच कोपऱ्यावर बसलेला असणार आहे म्हणून. विडी कडू निघाली, दोन झुरक्यांत विझली, तर गिऱ्हाईक परत येऊन चार लोकांसमोर त्याला बोलणार आहे. उधारीचे खाते, रोजची विचारपूस, मोहल्ल्यातील लग्ने व मयती यांनी बांधलेल्या नात्यात तो आपली पत गहाण ठेवून शिफारस करीत असतो. कारखानदार त्याला दलाली देतो हे खरे. परंतु दलालीच्या लोभाने वाईट माल खपवला तर जे नुकसान होईल ते त्याचे एकट्याचे असते. ही भीती हीच ग्राहकाची हमी.

विडीचे कारखानदार हे पुरते ओळखून होते. आठवड्याच्या बाजारात व जत्रेत त्यांच्या गाड्या जात. ढोलकीच्या तालावर नाच्या नाचे, गाणे होई, विड्या फुकट वाटल्या जात. मराठी मुलखातील जुन्या माणसांना हे देखावे आठवतात. परंतु गाडी संध्याकाळी निघून जाते. मागे राहणारी गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. दिवाळीच्या सुमारास किंवा नव्या वर्षाच्या आरंभी देवदेवतांचे रंगीत चित्र छापलेली, खाली छापेचे नाव असलेली दिनदर्शिका दुकानदारांना व ओळखीच्या माणसांना भेट म्हणून देण्याची चाल भारतीय बाजारपेठेत सर्वत्र होती. या दिनदर्शिकेचे खरे महत्त्व ती कोणाच्या भिंतीवर टांगली जाते यात होते. न्हाव्याच्या आरशाशेजारी, तालमीत, किराणा दुकानात, गावच्या पाटलाच्या ओसरीवर ती लागली म्हणजे त्या जागेची प्रतिष्ठा थोडीशी त्या छापेलाही चिकटे. चित्रातील लक्ष्मीला गृहिणी उदबत्ती ओवाळी आणि तिच्या पायाशी विडीचे नाव वर्षभर राही. यात दांभिकता होती असे म्हणता येईल. पण देणारा व घेणारा दोघेही तिला भेटच समजत, आणि भेटीची परतफेड करावी लागते हा संस्कार दोघांच्याही ठायी पक्का होता.

पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांना ही गोष्ट थोड्या उशिराने, पण पद्धतशीरपणे उमगली. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याविषयी प्रश्न विचारले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, नव्या बियाण्याची पहिली वार्ता सर्वांत अधिक जणांना विक्रेत्याकडून कळली होती. मात्र ते पेरावे असे कोणामुळे वाटले, याचे उत्तर देताना सर्वांत अधिक जणांनी शेजाऱ्याचे नाव घेतले. वार्ता एकाकडून, विश्वास दुसऱ्याकडून. पुढे एलिहू कॅट्झ व पॉल लाझर्सफेल्ड यांनी इलिनॉय राज्यातील डिकेटर या शहरात सुमारे आठशे स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. वर्तमानपत्र व रेडिओ यांचा परिणाम थेट सर्वांवर होत नसून, तो प्रत्येक समूहातील काही माणसांमार्फत इतरांपर्यंत झिरपतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही माणसे श्रीमंत वा उच्चपदस्थच असतात असेही आढळले नाही. घरच्या खरेदीच्या बाबतीत ज्यांचा सल्ला मानला जाई त्या मोठ्या कुटुंबाचा संसार केलेल्या अनुभवी गृहिणी होत्या. त्यांना विचारणाऱ्या स्त्रियाही बहुधा त्यांच्याच आर्थिक थरातल्या असत. डिकेटरची गृहिणी आणि जबलपूरचा पानवाला एकमेकांना ओळखणे शक्य नव्हते, तरी दोघांचे काम एकच होते.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला एक वेगळे उत्तर शोधले गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता व पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. नांगर ही विडीसारखी रोज विकत घेण्याची वस्तू नव्हे. एकदा घेतलेला नांगर वर्षानुवर्षे चालतो. तेथे पानवाला उपयोगी नव्हता. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेले हे पत्रक पाहता पाहता मराठी मध्यमवर्गाचे मासिक बनले. पुढे त्याच्या जोडीला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिकेही निघाली. मालाची स्तुती कमी आणि वाचकाच्या आयुष्याशी संबंध अधिक, हे त्याचे धोरण होते. ज्याच्या घरी नांगराचे काम नव्हते अशा शहरी वाचकालाही किर्लोस्कर हे नाव घरचे वाटू लागले.

१९२० च्या सुमारास आणखी एक शक्ती बाजारात उतरली होती. असहकाराच्या चळवळीने विदेशी मालावर बहिष्कार पुकारला आणि सिगारेट ही विदेशी मालाची सर्वांत ठळक खूण ठरली. सुशिक्षितांपैकी अनेकांनी सिगारेट टाकून विडी धरली. जबलपूर हे या काळात राष्ट्रीय चळवळीचे जागते केंद्र होते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह तेथे सुरू होऊन नागपुरास पोचला. विडीला यामुळे एक अशी प्रतिष्ठा लाभली की जी कोणत्याही दिनदर्शिकेने मिळाली नसती. यातील विरोधाभास असा की, चळवळीचे नेते गांधीजी तंबाखूच्या प्रत्येक रूपाचे कडवे विरोधक होते. त्यांच्या शब्दाने सिगारेट हटली. रिकामी झालेली जागा विडीने पटकावली. म्हणजे, प्रभाव पाडणाऱ्याच्या हेतूशी बाजाराला फारसे देणेघेणे नसते. त्याच काळात अर्देशर गोदरेज यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या व्यक्तीने गोदरेजच्या साबणाची जाहीर शिफारस केली. तेथे मात्र हेतू, वस्तू आणि शब्द एका रेषेत होते.

विडीच्या कारखानदारांनी लोकांशी जोडलेल्या नात्याची दुसरी बाजू विक्रीच्या नव्हे, उत्पादनाच्या अंगाला दिसते. विडी बव्हंशी कारखान्यात वळली जात नाही. ती घरोघरी, मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी वळली जाते. कारखानदार व ही घरे यांच्यामध्ये जो मध्यस्थ असतो त्याला मध्यप्रदेशात सट्टेदार म्हणतात. तो पाने व तंबाखू वाटतो, तयार विड्या गोळा करतो, हजारी दराने मजुरी देतो. तोही बहुधा त्याच गावचा, ओळखीचा, अडीनडीला उसने देणारा. पानवाल्याची पत जशी ग्राहकाला धीर देते, तशीच सट्टेदाराची ओळख मजुराला बांधून ठेवते. परंतु येथे जोखमीचे पारडे उलटे आहे. विड्या तपासताना ‘खराब’ म्हणून जी छाट काढली जाते तिचे पैसे कापले जातात, आणि खराब कोणती हे मध्यस्थच ठरवतो. वळणारीला दुसरीकडे जाण्याची सोय नसते.

या मध्यस्थामुळे कारखानदार आणि मजूर यांच्यातील कायदेशीर नाते कित्येक वर्षे संदिग्ध राहिले. सागर जिल्ह्यातून गेलेल्या दोन खटल्यांत हे स्पष्ट दिसते. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विड्या वळण्यास बंदी घालणारा १९४८ चा प्रांतिक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये अवाजवी ठरवला. म्हातारी, अपंग किंवा शेतात जाऊ न शकणारी माणसेही त्या बंदीने घरबसल्या मिळणाऱ्या रोजीस मुकत होती. आठ वर्षांनी दुसऱ्या खटल्यात त्याच न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून कारखाने अधिनियमाखालील कामगार नव्हेत, असे ठरवले. घरी वळणाऱ्यांना कायद्याने कामगार म्हणून ओळखण्यासाठी १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाची वाट पाहावी लागली.

कारखानदारांनी दानधर्म केला नाही असे नाही. जबलपुरातील स्त्रियांच्या गृहविज्ञान महाविद्यालयावर मोहनलाल हरगोविंददास हे नाव आहे. गोंदियात मनोहरभाई पटेल या विडी व्यावसायिकाने १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि मागासलेल्या त्या पट्ट्यात शाळा-महाविद्यालये उभी केली. त्यांत शिकून गेलेल्यांच्या मनात या नावांविषयी कृतज्ञता आहे आणि ती खोटी नाही. ज्या घरांत सुपात पाने घेऊन आई रात्री उशिरापर्यंत विड्या वळत बसे, त्याच घरांतील मुली या इमारतींत शिकू शकल्या असतील. तेव्हा कारखानदाराचे देणे फिटले की नाही, याचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये हे बरे. मात्र जाहिरातीचा खर्च आणि मजुरीचा खर्च हे दोन्ही एकाच गल्ल्यातून जातात, एवढे विसरता कामा नये.

छाप एकदा लोकांच्या मनात रुजली की ती केवळ मालकाची राहत नाही, याचे उदाहरण अलीकडे पुण्यात घडले. साबळे-वाघिरे कंपनीची ‘संभाजी विडी’ महाराष्ट्रात दीर्घकाळ खपत होती. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव विडीच्या बंडलावर असावे, ते बंडल पायदळी पडावे, हे शिवप्रेमी संघटनांना अपमानास्पद वाटले व २०२० मध्ये त्यांचे आंदोलन तीव्र झाले. कंपनीने नाव बदलण्याचे मान्य केले आणि पुढे विडी ‘साबळे’ या नावाने बाजारात आली. ज्या आदराच्या बळावर नाव निवडले गेले असेल, त्याच आदराने ते परत घेतले.

तंबाखूच्या जाहिरातीचा काळ त्यापूर्वीच संपला होता. २००३ च्या केंद्रीय अधिनियमाने तंबाखूच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातीस, तसेच पुरस्कृत कार्यक्रमांस मनाई केली. ती १ मे २००४ पासून अमलात आली. २००९ पासून वेष्टनांवर रोगाचे चित्र असलेला इशारा आला. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूत निराधार आहे. तिच्या धुरातून डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, अधिकच मिळतात. असे असूनही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी शेकडा ७.७ विडी ओढणारे व शेकडा ४ सिगारेट ओढणारे आढळले. जाहिरात थांबून एक तप उलटल्यावरही विडी सिगारेटच्या जवळजवळ दुप्पट लोकांच्या हाती होती.

इतर वस्तूंचे विक्रेते याच मार्गाने, पण नव्या साधनांनी चालले आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर स्वयंपाक, शेती, कपडे, प्रवास यांविषयी बोलणारी व हजारो-लाखो अनुयायी असलेली माणसे आज ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणून ओळखली जातात. मराठीत त्यांना प्रभावक म्हणता येईल. कंपन्या अलीकडे नटनट्यांबरोबरच अगदी लहान वर्तुळाच्या प्रभावकांकडेही वळतात. जबलपूरच्या बाजारातील एखादी तरुणी बुंदेली वळणाच्या हिंदीत साडी दाखवील, किंवा नाशिकचा एखादा द्राक्षबागायतदार औषधफवारणीविषयी आपल्या बोलीत सांगेल, तर त्यांचे थोडेसेच ऐकणारे असले तरी ते मनापासून ऐकतात. हा जुना पानवालाच होय; फक्त त्याची टपरी हलती झाली आहे.

या हलतेपणातच अडचण आहे. पानवाल्याला दलाली मिळते हे सर्व मोहल्ल्याला ठाऊक असे, त्यामुळे त्याचा शब्द किती धरावा याचा अंदाज प्रत्येकास बांधता येई. पडद्यावरील माणूस वस्तू स्वतः वापरून सांगतो आहे की पैसे घेऊन, हे पाहणाऱ्याला कळण्यास मार्ग नाही. आणि वस्तू वाईट निघाली तर त्याला कोपऱ्यावर गाठून जाब विचारता येत नाही. म्हणून जे काम मोहल्ला करीत होता ते आता नियमांना करावे लागत आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक नियम केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार फसव्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्याला ठरावीक काळ शिफारस करण्यास बंदी घालता येते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने आणखी स्पष्ट केले: पैसे, फुकट वस्तू, प्रवास, सवलत यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते सोप्या भाषेत, सहज दिसेल अशा जागी सांगितले पाहिजे.

विडीपुरते पाहिले तर इशाऱ्याचे चित्र बंडलावर असते, आणि बंडल पानवाल्याच्या फळीवर राहते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास बंदी घातली, ती याच कारणासाठी. सुटी विडी जिथे अजून विकली जाते, तिथे ग्राहकाच्या हाती इशाऱ्याचे चित्र पोचत नाही. पोचतो तो रंगीत दोरा आणि देणाऱ्याचा शब्द.